वर जितकी माणसं, तितक्या परतीच्या जागा: अंतराळ स्थानकाचं वेळापत्रक कसं ठरतं

२०२५ च्या मे-जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाणाऱ्या भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांच्या उड्डाणाची तारीख सारखी पुढे सरकत होती. आधी २९ मे ठरली, मग ८ जून, १० जून, ११ जून, १९ जून, २२ जून, आणि अखेर २५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिटाने 'ॲक्सिऑम-४' मोहिमेचं, स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान फ्लोरिडातून उडालं. बातम्यांचा सूर मात्र दर वेळी एकच होता: पुन्हा लांबलं. प्रत्यक्षात कारणं निरनिराळी होती. एकदा उड्डाणमार्गावरचा वारा. एकदा फाल्कन-९ रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती. आणि ती दुरुस्त झाल्यावर, रॉकेट आणि यान दोन्ही तयार असताना, स्थानकाच्या रशियन भागात झ्वेझ्दा मॉड्यूलमधून होणाऱ्या हवेच्या गळतीची तपासणी. जिथे जायचं तिथलीच तपासणी पूर्ण होईपर्यंत निघण्यात अर्थ नव्हता.

माणसांच्या अंतराळप्रवासात 'अमुक तारखेला प्रक्षेपण' असं वाचलं की ते 'त्या तारखेच्या आधी नक्की नाही' असं समजावं. तारखेमागे बऱ्याच अटी असतात: आकाशातल्या, जमिनीवरच्या, समुद्रावरच्या. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एक साधा नियम आहे आणि तो कळला की बाकीचं वेळापत्रक आपोआप उलगडतं. स्थानकावर जितकी माणसं राहतात, तितक्यांच्या परतीची जागा त्याच क्षणी स्थानकाला जोडलेल्या यानांमध्ये असायला हवी. 'पुढच्या महिन्यात येणाऱ्या यानातून परत आणू' हे चालत नाही. आग लागली, हवा निघून जाऊ लागली किंवा कुणी आजारी पडलं, तर काही मिनिटांत यानात बसून हॅच (यानाचं दार) बंद करता आली पाहिजे.

म्हणून अंतराळवीर ज्या यानातून जातात ते त्यांना सोडून परत येत नाही. सहा-आठ महिने ते तिथेच जोडलेलं असतं. ड्रॅगनमध्ये सहसा चार जागा, रशियाच्या सोयूझ यानात तीन. स्थानकावर एरवी सात जण दिसतात, त्याचा हिशोब हा असा आहे. प्रोग्रेस, सिग्नससारखी मालवाहू यानं कितीही आली तरी या हिशोबात धरली जात नाहीत. त्यांत बसून कुणी परत येऊ शकत नाही, ती शेवटी कचरा भरून वातावरणात जाळून टाकली जातात.

राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले तेव्हाही हेच गणित होतं. ३ एप्रिलला ते सोयूझ टी-११ मधून सल्यूत-७ स्थानकावर गेले आणि ११ एप्रिलला परतले, पण सोयूझ टी-१० मधून. टी-१० फेब्रुवारीपासून तिथे उभं होतं. सोयूझच्या परतीच्या कुपीतले (माणसं बसून उतरतात त्या भागातले) थ्रस्टर, म्हणजे दिशा सावरणारी छोटी इंजिनं, हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि ते रसायन टाकीत पडून पडून हळूहळू विघटित होत जातं. त्यामुळे यानाला मुदत असते. आजच्या सोयूझची साधारण २०० दिवस. आठवड्याभरासाठी आलेल्या पाहुण्यांनी जुनं यान घेऊन जायचं आणि ताजं यान तिथे राहणाऱ्यांसाठी ठेवायचं, ही रीत तेव्हाही होती. टी-१० मधून वर गेलेले तिघे पुढे ऑक्टोबरमध्ये टी-११ मधून उतरले.

यानच बिघडलं तर?

१४ डिसेंबर २०२२ ला सोयूझ एमएस-२२ मधून शीतक द्रव बाहेर फवारला जाऊ लागला. आत कुणी नव्हतं, स्थानकाला धोका नव्हता, पण तीन माणसांची परतीची जागा एका रात्रीत बेभरवशाची झाली. थंडावा देणारी यंत्रणा नसलेल्या कुपीत तिघं बसले तर उतरताना आतलं तापमान वाढत जाणार. मग तात्पुरता उपाय म्हणून त्या तिघांतले अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांच्या शरीराच्या मापाने घडवलेलं आसनाचं अस्तर सोयूझमधून काढून ड्रॅगनमध्ये बसवलं. एक माणूस कमी झाला की सोयूझमध्ये उष्णताही कमी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोयूझ एमएस-२३ रिकामं वर पाठवलं, बिघडलेलं यान माणसांविना खाली आणलं आणि तिघांचा मुक्काम दुप्पट झाला. रुबिओ २७ सप्टेंबर २०२३ ला उतरले तेव्हा सलग ३७१ दिवस झाले होते. कुठल्याही अमेरिकी अंतराळवीराचा हा सर्वांत लांब सलग मुक्काम, आणि तो ठरवून केलेला नव्हता.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांची गोष्टही याच नियमाने नीट समजते. ५ जून २०२४ ला ते बोइंगच्या स्टारलायनरमधून साधारण आठ दिवसांसाठी गेले. यानाचे थ्रस्टर बिघडले, हेलियमची गळती झाली आणि नासाने स्टारलायनर सप्टेंबरमध्ये रिकामंच उतरवलं. त्या दिवसापासून पुढचं ड्रॅगन येईपर्यंत दोघांसाठी आधीच्या क्रू-८ ड्रॅगनमध्ये (नासाच्या ड्रॅगन मोहिमांना असे क्रमांक असतात), जिथे एरवी सामान ठेवतात तिथे, तात्पुरती सोय केलेली होती. सप्टेंबरअखेर क्रू-९ चं यान चारऐवजी दोनच जणांना घेऊन आलं. दोन खुर्च्या या दोघांसाठी रिकाम्या. म्हणजे त्यानंतर परतीचं साधन नाही, असा एकही दिवस नव्हता. तरी ते मार्च २०२५ पर्यंत थांबले, कारण क्रू-९ निघालं असतं तर अमेरिकी भाग सांभाळायला एकच माणूस उरला असता. आधी क्रू-१० येऊ द्यायचं, कामं सोपवायची, मग निघायचं. क्रू-१० १६ मार्चला जोडलं गेलं आणि भारतीय वेळेनुसार १९ मार्चच्या पहाटे ३ वाजून २७ मिनिटांनी सुनीता विल्यम्स यांची कुपी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरली. २८६ दिवस झाले होते. 'अडकल्या' हा शब्द त्या काळात सर्रास वापरला गेला. मला तो कायम अन्यायकारक वाटला: त्या दोघांनी तिथे पूर्णवेळ मोहीम चालवली, सुनीता तर स्थानकाच्या कमांडर होत्या.

सोयूझमध्ये एक अमेरिकी आणि ड्रॅगनमध्ये एक रशियन का असतो, हेही इथेच सांगायला हवं. एखाद्या यानाला अवेळी निघावं लागलं तरी स्थानकावर दोन्ही देशांचा किमान एक माणूस उरावा म्हणून ही अदलाबदल. जानेवारी २०२६ मध्ये तिची परीक्षा झाली. एका अंतराळवीराच्या प्रकृतीच्या कारणावरून क्रू-११ च्या चौघांना ठरल्याआधी खाली आणलं गेलं, कारण एक आजारी असला तरी यान एकच, आणि ते गेलं की उरलेल्या तिघांची परतीची जागा जाणार. मागे सोयूझमधून आलेले तिघे उरले, त्यांत एक अमेरिकी होता. स्थानक चालू राहिलं.

चीनच्या तिआनगोंग स्थानकावर नोव्हेंबर २०२५ मध्ये हाच नियम काही दिवस मोडावा लागला. शेनझोऊ-२० चे तिघे ५ नोव्हेंबरला परतणार होते. निघण्यापूर्वी कुपीच्या खिडकीला बारीक तडा दिसला, बहुधा अवकाशातल्या कचऱ्याचा तुकडा आदळल्यामुळे. ते तिघे १४ नोव्हेंबरला शेनझोऊ-२१ मधून उतरले, म्हणजे नुकत्याच आलेल्या सहकाऱ्यांचं यान घेऊन. मागे राहिलेल्या तिघांकडे खात्रीचं यान नाही, अशी अवस्था ११ दिवस होती. चीन पुढचं रॉकेट आणि यान राखीव तयार ठेवतो, म्हणून २५ नोव्हेंबरला शेनझोऊ-२२ रिकामं वर पोचवता आलं. ते जोडलं जाईपर्यंत नियंत्रण कक्षात किती ताण असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

उड्डाणाची वेळ सेकंदापर्यंत का ठरलेली असते

स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरतं. एका फेरीला दीड तासाहून थोडा जास्त वेळ. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते आणि खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते. प्रक्षेपणस्थळ त्या कक्षेच्या पातळीखाली (पातळी म्हणजे इथे उंची नव्हे, कक्षा ज्या सपाट प्रतलात असते ते) नेमकं येतं तेव्हाच उडायचं. थोडा उशीर झाला तर यान वेगळ्याच पातळीत जाईल आणि ती पातळी बदलायला लागणारं इंधन कुठल्याच कुपीत नसतं.

ही वेळ दररोज अलीकडे सरकते. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेची पातळी रोज सुमारे पाच अंश पश्चिमेला वळते, म्हणजे वीस मिनिटांचा फरक. शिवाय सूर्याचा दिवस आणि ताऱ्यांचा दिवस यांतला चार मिनिटांचा फरक. बेरीज चोवीसच्या आसपास. ॲक्सिऑम-४ चीच वेळ पाहा: ११ जूनसाठी संध्याकाळी ५:३० ठरली होती, २५ जूनला उड्डाण दुपारी १२:०१ ला झालं. १४ दिवसांत ३२९ मिनिटं, म्हणजे दिवसाला साडेतेवीस. तारीख बदलल्यावर 'वेळही का बदलली' असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर इतकं नेमकं आहे.

पण पातळी जुळली म्हणजे स्थानक समोर असेलच असं नाही. ते त्याच कक्षेत पृथ्वीच्या पलीकडेही असू शकतं. मग पाठलाग करावा लागतो आणि तो उलट्या पद्धतीने होतो: यान मुद्दाम खालच्या कक्षेत राहतं. मैदानावर आतल्या लेनमधला धावपटू कमी अंतर कापून पुढे सरकतो तसं. इथे भर म्हणजे खालच्या कक्षेतला वेगही जास्त असतो. अंतर कमी झालं की इंजिन चालवून टप्प्याटप्प्याने वर चढायचं. उड्डाणाच्या क्षणी स्थानक किती पुढे आहे, यावर हा पाठलाग किती लांबणार ते ठरतं. शुक्लांच्या यानाला २८ तास लागले. सोयूझ एमएस-१७ ने ऑक्टोबर २०२० मध्ये हेच अंतर तीन तास तीन मिनिटांत गाठलं, कारण त्यासाठी स्थानकाची कक्षाच आधीपासून जुळवून आणली होती.

अशी जुळवाजुळव किती नाजूक असते ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. सोयूझ एमएस-२५ चं प्रक्षेपण २१ मार्चला अगदी शेवटच्या वीस सेकंदांत थांबलं. दोष किरकोळ होता, दोन दिवसांत यान उडालंही. मात्र तोवर स्थानकाची जागा बदलली होती आणि तीन तासांचा प्रवास दोन दिवसांचा झाला.

दार मोकळं हवं

जवळ आल्यावर घाई संपते. स्थानकाभोवती २०० मीटरचं एक काल्पनिक वर्तुळ मानलेलं असतं, त्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. शेवटचे मीटर सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश कापले जातात. डॉकिंग, म्हणजे जोडणी, झाली तरी हॅच लगेच उघडत नाही. सांध्यातून हवा निसटत नाही ना हे तपासून, दाब सारखा करून उघडेपर्यंत दीड-दोन तास जातात. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांनी डॉकिंगनंतर थोडा वेळ दुसरं काम करून यायला हरकत नाही.

आंतरराष्ट्रीय स्थानकाला एकूण आठ दारं आहेत: चार रशियन बाजूला, चार अमेरिकी. अमेरिकी बाजूच्या चारांपैकी दोनच ड्रॅगनसारख्या स्वतःहून जोडल्या जाणाऱ्या यानांसाठी. उरलेल्या दोन ठिकाणी सिग्नस किंवा जपानी मालवाहू यान रोबोटिक हाताने पकडून बसवावं लागतं. त्यामुळे कितीतरी तारखा फक्त दार रिकामं नाही म्हणून पुढे ढकलल्या जातात. मे २०२४ मध्ये स्टारलायनरला समोरचं दार मिळावं म्हणून क्रू-८ चं ड्रॅगन वरच्या दारावर हलवलं गेलं. या हलवाहलवीत यानाचे सगळे प्रवासी सूट घालून आत बसतात. पुन्हा जोडणं जमलं नाही तर तिथूनच पृथ्वीवर यावं लागेल, आणि कुणी मागे राहिला तर त्याची परतीची जागा गेली. पुन्हा तोच नियम.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला आठही दारं पहिल्यांदाच एकाच वेळी भरली: दोन ड्रॅगन, दोन सोयूझ, दोन प्रोग्रेस, एक सिग्नस, एक जपानी एचटीव्ही-एक्स. सोयूझ एमएस-२८ च्या वाटेत अंतर कमी पडत होतं म्हणून त्यासाठी सिग्नसला रोबोटिक हाताने आधी काढून ठेवलं आणि नंतर परत बसवलं.

उतरणं

परतीचा प्रवास सुरू करायला लागणारं बळ आश्चर्य वाटावं इतकं थोडं असतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग असताना सोयूझ त्यातले फक्त १३० मीटरच्या आसपास कमी करतं, पावणेपाच मिनिटं इंजिन चालवून. एवढ्याने कक्षेचं खालचं टोक वातावरणात शिरतं आणि उरलेला वेग हवा खाऊन टाकते. स्थानकातून सुटल्यापासून साडेतीन तासांच्या आत कुपी कझाकस्तानच्या गवताळ माळरानावर, झेझकाझगान शहराच्या आग्नेयेला असते. जमीन एक मीटरपेक्षाही जवळ आल्यावर तळातली छोटी रॉकेटं पेटून धक्का कमी करतात. तरीही अंतराळवीर त्या क्षणाचं वर्णन गाडीच्या अपघातासारखं करतात.

ड्रॅगन समुद्रात उतरतं. शुक्लांचं यान १४ जुलैला दुपारी पावणेपाचला सुटलं आणि १५ जुलैला दुपारी ३ वाजून १ मिनिटाने सॅन डिएगोजवळ प्रशांत महासागरात उतरलं. बावीस तास कशाला? जमिनीवरून निघताना जी अट असते तीच उतरतानाही: ठरलेली जागा यानाच्या मार्गाखाली यायला हवी, आणि त्याच वेळी तिथे वारा आणि लाटा मर्यादेत हव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये चक्रीवादळं आणि खराब समुद्र यांमुळे क्रू-८ ला दोन आठवड्यांहून जास्त वाट पाहावी लागली. इतका वेळ वर राहिल्यामुळे त्या ड्रॅगनची मोहीम २३५ दिवसांची झाली.

२०२५ पर्यंत ड्रॅगन फ्लोरिडाच्या बाजूला उतरत असे. जागा बदलण्याचं कारण समुद्र नाही, यानाच्या मागचा पोकळ भाग. तो 'ट्रंक' आधी कक्षेतच सोडून दिला जायचा आणि महिन्यांनी कुठेही कोसळायचा. त्याचे जळके तुकडे ऑस्ट्रेलियात आणि कॅनडातल्या शेतांत सापडले. आता परतीचं इंजिन चालवून झाल्यावरच ट्रंक सोडतात, म्हणजे तो निर्जन प्रशांत महासागरात पडतो. त्यासाठी उतरण्याची जागाही पश्चिम किनाऱ्यावर न्यावी लागली. कुणाच्या शेतात जळका पत्रा पडू नये म्हणून बदललेलं हे वेळापत्रक मला मनापासून पटतं.

उतरताना काय बिघडू शकतं, हे ॲक्सिऑम-४ च्या कमांडर पेगी व्हिटसन यांना अनुभवाने ठाऊक होतं. एप्रिल २००८ मध्ये त्यांचं सोयूझ टीएमए-११ वातावरणात शिरताना मागचा भाग वेळेवर सुटला नाही, कुपी तीव्र उताराने खाली आली, शरीरावर वजनाच्या आठपट भार पडला आणि ती ठरलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे पडली. तिघेही सुखरूप होते. अशा वेळी शोधपथक कुठे उभं आहे, याला रॉकेटइतकंच महत्त्व येतं.

हे सगळं घड्याळाशी जुळवायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्थानकाचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं; आपण साडेपाच तास पुढे. फ्लोरिडाची वेळ दिली असेल तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवायचे. अमेरिकेतली दुपारनंतरची घटना म्हणूनच आपल्याकडे पुढच्या तारखेला पडते.

आता आपल्या गगनयानाचं. श्रीहरिकोटाहून ४०० किलोमीटरच्या कक्षेत, तीन दिवसांपर्यंत, आणि परत समुद्रात, जिथे नौदल कुपी ताब्यात घेईल. आधी 'व्योममित्र' हा मानवसदृश रोबो घेऊन माणसांविना उड्डाण, नंतर माणसं. गगनयान वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन बाजूंना असणाऱ्या एस-२०० बूस्टरचा पहिला मधला भाग मुंबईत पवईला एल अँड टीच्या कारखान्यात बनून २०२० मध्ये बाहेर पडला. गगनयान कुठल्याही स्थानकाला जोडायचं नसल्यामुळे वर सांगितलेल्या निम्म्या अटी त्याला लागू नाहीत: पाठलाग नाही, मोकळं दार नाही, कामं सोपवणं नाही. उड्डाणाची वेळ सेकंदावर अडत नाही. तारीख ठरवणाऱ्या गोष्टी म्हणजे चाचण्या पूर्ण होणं आणि उतरायच्या दिवशी समुद्र शांत असणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उड्डाणादरम्यान कुपी सुटून येण्याची चाचणी झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून कुपी सोडून पॅराशूटची. दोन्ही चाचण्या परतीच्या बाजूच्या होत्या, हे मुद्दाम पाहण्यासारखं.

१६ जानेवारी २०२५ ला इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत दोन छोटे उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले. भारताच्या स्वतःच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ पर्यंत आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, हे जाहीर लक्ष्य आहे. त्या स्थानकावर पहिला चमू राहायला जाईल तेव्हा त्यांचं यान तिथेच जोडलेलं राहील, आणि दुसरं एखादं श्रीहरिकोटाला तयार ठेवावं लागेल. स्थानकाचा खर्च मोजताना त्या दुसऱ्या यानाचाही खर्च आजपासून मोजायला हवा.